जाणारा करंट आणि परतीची वाट: 1954 च्या एका मॉरिस मायनरच्या हेडलाइटचं प्रकरण

हे प्रकरण मुंबईतल्या एका जुन्या गाडीचं आहे. मालकांच्या सांगण्यावरून त्यांची ओळख, त्यांचा भाग आणि काम करणाऱ्यांची नावं इथे दिलेली नाहीत. वायरिंग आणि आकडे मात्र जसेच्या तसे आहेत. जुन्या गाडीच्या दिव्यात बिघाड झाला की आपल्याकडे पहिला घाला पडतो तो वायरिंगवर, "सगळं उपटा, नवीन टाका" म्हणून. सत्तर वर्षं टिकलेलं वायरिंग एका खराब अर्थापायी (अर्थ म्हणजे करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट) कचऱ्यात जाताना मी पाहिलं आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून ही हकीकत सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे 1954 ची मॉरिस मायनर, सीरिज दोन. पुढची काच मधोमध दोन भागांत, इंजिन 803 सीसीचं. मालक बँकेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे, गाडी त्यांच्या वडिलांची. वडिलांनंतर ती इमारतीच्या आवारात पत्र्याखाली बराच काळ उभी होती. इमारत समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ज्यांचा मुंबईत लोखंडाशी संबंध आला आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल पत्र्यात शिरते तशी प्रत्येक थिंबलखाली (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि प्रत्येक स्क्रूच्या आट्यांतही शिरते.

मालकांच्या मुलीने गाडी पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं मिळतात, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. तेव्हा शक्य तितकं मूळचंच ठेवायचं, हे घरात पहिल्यापासून ठरलं होतं. उन्हाळ्यात डेंटिंग-पेंटिंग झालं. पुढची दोन्ही मडगार्डं काढली, गंज कापला, प्रायमर मारला, रंगाचे हात दिले, मडगार्ड आणि बॉडीमधली बीडिंगची पट्टी नवी घातली आणि मडगार्डं परत कसली. काम देखणं झालं होतं, त्यात शंका नाही.

या गाडीच्या विजेबद्दल तीन गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली गोष्ट, गाडी 12 व्होल्टची, पण पॉझिटिव्ह अर्थची आहे. म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला आणि निगेटिव्ह टोक वायरिंगला. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत ही सर्रास पद्धत होती. मुंबईतल्या वायरमन मंडळींचा हात बसला आहे तो फियाट आणि पद्मिनीवर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाड्या निगेटिव्ह अर्थच्या, त्यामुळे इथे सवयीने हात उलटा जातो.

दुसरी, मूळ गाडीत फ्यूज दोनच आहेत आणि हेडलाइट त्यांतल्या एकावरही नाहीत. बॅटरीकडून येणारा करंट डॅशबोर्डवरच्या लाइट स्विचमधून, तिथून पायाखालच्या डिपर स्विचमधून (हाय बीम आणि खाली वळलेला डिप यांत अदलाबदल करणारा), थेट बल्बला जातो.

तिसरी, वायरींचे रंग. इंग्लिश पद्धतीत तपकिरी वायर बॅटरीची, लाल पार्किंग आणि टेललाइटची, निळी डिपरपर्यंतची. डिपरच्या पुढे निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे हाय बीम आणि निळ्यावर लाल रेघ म्हणजे डिप. काळी वायर अर्थची. या गाडीत सुती वेष्टणाच्या वायरींचे रंग मळले होते, पण कापडाने हळूच पुसल्यावर रेघा दिसत होत्या. मूळ वायरिंग जिवंत होतं, याचा तो पहिला पुरावा.

तक्रार

जूनच्या शेवटी तक्रार सुरू झाली. डावा हेडलाइट डिपवर इतका मंद लागायचा की काच पिवळट दिसायची. उजवा बरा होता. डावा इंडिकेटर लावला की डावा हेडलाइट इंडिकेटरच्या तालावर किंचित कमीजास्त व्हायचा. हे इंडिकेटर मूळचे नाहीत. मूळ गाडीत दारामागच्या खांबातून बाहेर येणारे हात होते. इंडिकेटर नंतर केव्हातरी कुणीतरी बसवले.

आणखी एक खूण मालकांच्या मुलीने सांगितली. "डिपवर असले ना, की स्पीडोमीटरमधला हाय बीमचा दिवा अगदी बारीक पेटलेला दिसतो. बंद करावा तर होत नाही." ही खूण तिने माझ्याआधी गाडी बघितलेल्या दोघांनाही सांगितली होती, पण कोणी ती धरली नाही. माझ्या मते निम्मं निदान त्या एका वाक्यात होतं.

माझ्याकडे येण्याआधी काय काय झालं होतं

रंगकाम करणाऱ्या गॅरेजने एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने डावा बल्ब काढला, होल्डरला मीटर लावला, पूर्ण 12 व्होल्ट दिसले. "करंट बरोबर येतोय, बल्ब खराब आहे," असं म्हणून त्याने बल्ब बदलला. फरक पडला नाही. मग त्याने मीटर बीपवर (जोड सलग असेल तर आवाज करणारी चाचणी) टाकून काळी वायर बॉडीशी तपासली. बीप वाजला, म्हणजे अर्थही ठीक ठरला. निष्कर्ष निघाला: वायरिंग आतून कुजलंय, पूर्ण बदला.

दुसऱ्याने बाजारातून एलईडी बल्ब आणून बसवले. ते लागलेच नाहीत. त्यात नवल नव्हतं. एलईडीला उलटसुलट कळतं, साध्या फिलामेंटला कळत नाही. निगेटिव्ह अर्थसाठी बनवलेला एलईडी पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत उलटा बसतो. मग सल्ला आला, गाडीच निगेटिव्ह अर्थची करून टाका.

या टप्प्यावर मालकांचा फोन आला. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्समधला माणूस आहे, जुन्या गाड्यांचं वायरिंग आवडीने बघतो. मी त्यांना एवढंच म्हटलं, "काका, आता काही विकत घेऊ नका आणि काही कापू देऊ नका. रात्री गाडी बाहेर काढू नका. मी येऊन आधी नुसतं मोजतो."

मोजमाप

पहिल्या इलेक्ट्रिशियनचा मीटर खोटं बोलत नव्हता, प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. बल्ब काढला की सर्किटमधून करंट वाहत नाही. करंट नाही तर गंजलेल्या जोडावर व्होल्टेज पडत नाही, आणि मीटरला टोकापर्यंत 12 व्होल्ट दिसतात. बीपचंही तसंच. मीटर त्या चाचणीत जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो, हेडलाइटला तीन-साडेतीन अँपिअर लागतात. चाळीच्या जिन्यावरून एक माणूस बिनबोभाट उतरला म्हणून विसर्जनाची गर्दी त्याच जिन्यावरून उतरेल असं कोणी म्हणत नाही.

म्हणून मोजायचं ते दिवे लावून, बल्ब जागेवर ठेवून. हेडलाइटची रिंग काढली, दिवा बाहेर ओढला पण होल्डर लावलेलाच ठेवला, आणि मीटरच्या सुया मागून टर्मिनलला टेकवल्या. इंजिन बंद, डिप चालू. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत डिजिटल मीटर उणे चिन्ह दाखवतो, त्याकडे लक्ष द्यायचं कारण नाही. आकडा महत्त्वाचा.

दिवे लावल्यावर बॅटरीच्या दोन टोकांत 12.2 व्होल्ट होते.

उजव्या हेडलाइटला बॅटरीच्या जिवंत टोकापासून बल्बच्या टर्मिनलपर्यंत 1.4 व्होल्ट पडत होते, प्रत्यक्ष बल्बवर 10.7 आणि बल्बच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत 0.1. बेरीज 12.2.

डाव्याला जाताना तेच 1.4, बल्बवर फक्त 7.7, आणि परतीच्या वाटेवर तब्बल 3.1. बेरीज पुन्हा 12.2.

ही बेरीज जुळवणं मी कधी चुकवत नाही. जाताना पडलेलं, दिव्यावर पडलेलं आणि परतताना पडलेलं व्होल्टेज मिळून बॅटरीइतकंच भरायला हवं. जुळलं नाही तर सुई कुठेतरी नीट टेकलेली नाही, आणि तशा आकड्यावरून काहीही ठरवू नये.

10.7 आणि 7.7 हे आकडे ऐकताना फार वाईट वाटत नाहीत. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने कमी होतो. त्या हिशेबाने 12 व्होल्टवरच्या उजेडाच्या तुलनेत उजवा दिवा दोन तृतीयांश देत होता आणि डावा पाव भागाहूनही कमी. म्हणजे ज्याला सगळे चांगला म्हणत होते तो उजवा दिवाही आजारीच होता. हे मोजल्याशिवाय कळलं नसतं, कारण डोळा त्याला डाव्याशेजारी ठेवून बघत होता.

आता हाय बीमचा मिणमिणता दिवा. बल्बमध्ये दोन फिलामेंट, दोघांचा अर्थ एकच. तो अर्थ अडला की डिपच्या फिलामेंटमधला करंट दुसरी वाट शोधतो. डाव्या बल्बच्या हाय फिलामेंटमधून उलटा, निळ्या-पांढऱ्या वायरीने उजव्या बल्बच्या हाय फिलामेंटकडे, आणि तिथून उजव्या बाजूच्या चांगल्या अर्थाला. स्पीडोमीटरमधला छोटा दिवा त्याच निळ्या-पांढऱ्या वायरीवर आहे, म्हणून तोही पेटतो. डावा इंडिकेटर त्याच काळ्या वायरीवर जोडलेला असल्याने करंटला त्याच्या फिलामेंटमधूनही मागच्या इंडिकेटरमार्गे वाट होती. डिप लावून अंधारात बघितलं तर मागचा डावा इंडिकेटर काजव्याएवढा लाल झालेला दिसला. न मागितलेला दिवा जिथे मंद पेटतो तिथे अर्थावर संशय घ्यावा, हा नियम सहसा फसत नाही.

अर्थ नेमका कुठे तुटला

काळी वायर मडगार्डला आतून एका स्क्रूने कसलेली होती. मॉरिस मायनरची पुढची मडगार्डं वेल्ड केलेली नसतात, बोल्टने लावलेली असतात, आणि मडगार्ड व बॉडी यांच्यामध्ये बीडिंग असते. रंगकामात डाव्या मडगार्डच्या आतून, कडेला, बोल्टच्या भोकांत, सगळीकडे प्रायमर आणि रंग गेला होता. बीडिंग प्लास्टिकची. बोल्ट नवे, त्यांच्या वॉशरखालीही रंग. मडगार्ड विजेच्या दृष्टीने गाडीपासून जवळपास वेगळं पडलं होतं. बोल्टच्या आट्यांनी कुठेतरी रंग खरवडला होता तेवढाच संबंध उरला होता, आणि पहिल्या पावसाने तोही गंजवला. उजव्या मडगार्डला रंगाऱ्याने दोन जुने बोल्ट तसेच परत लावले होते. उजवा दिवा त्यांच्या जिवावर चालत होता.

हा संशय खात्रीत बदलायला मी एक जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या अर्थ टोकाला आणि दुसरं डाव्या बल्बच्या अर्थ टर्मिनलला टेकवलं. डावा हेडलाइट एकदम उजव्याइतका झाला, हाय बीमचा दिवा विझला, मागचा इंडिकेटर काळा पडला. मालक शेजारी उभे होते. "वायर बदलायची नाही म्हणजे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजातली सुटका मला ऐकू आली.

जातानाचे 1.4 व्होल्ट मग तुकड्यातुकड्याने मोजले. लाइट स्विचवर 0.5, डिपर स्विचवर 0.6, उरलेले 0.3 वायरी आणि बुलेट कनेक्टरवर (वायरी जोडणारी पितळी टोकं). वायरिंगचा दोष त्या शेवटच्या 0.3 मध्ये काय तो, आणि त्यातलाही बराचसा कनेक्टरच्या काळवंडलेल्या पितळेचा.

पर्याय आणि त्यांचा विचार

आम्ही तिघांनी बसून पर्याय मांडले. मालक, त्यांची मुलगी आणि मी.

पूर्ण नवं वायरिंग हा पहिला. इंग्लंडमधून जुन्या नमुन्याचं, सुती वेष्टणाचं वायरिंग मागवता येतं. पण मोजमापात वायरी दोषी ठरल्या नव्हत्या, आणि नवं वायरिंग त्याच रंगवलेल्या मडगार्डला कसलं असतं तर डावा दिवा मंदच राहिला असता. स्थानिक वायरमनकडून प्लास्टिकच्या वायरी टाकून घेणं स्वस्त होतं, पण हाताला येईल त्या रंगाच्या वायरी पडल्या की पुढच्या माणसाला नकाशा वाचता येत नाही. इन्सुलेशन मात्र मी जागोजागी वाकवून पाहिलं. रबर ठिसूळ होऊन तडकलं असतं तर मी स्वतः नव्या वायरिंगचा आग्रह धरला असता, कारण फ्यूज नसलेल्या सर्किटमध्ये उघडी वायर म्हणजे आगच. इथे फक्त हेडलाइटच्या वाटीतले शेवटचे वीतभर तुकडे खराब निघाले.

निगेटिव्ह अर्थ करण्याचा पर्याय मुलीला आकर्षक वाटत होता, कारण मग मोबाइलचा चार्जर आणि एलईडी सगळंच सोपं झालं असतं. ते करता येतं. बॅटरी उलटी जोडायची, डायनॅमोच्या फील्डला क्षणभर करंट देऊन त्याची चुंबकाची दिशा बदलायची, इग्निशन कॉइलची टोकं बदलायची. पण त्याचा आमच्या बिघाडाशी काडीचा संबंध नव्हता. शिवाय उद्या कोणी मूळ माहितीपुस्तक उघडून काम करायला बसेल तर त्याला गाडी उलटी सापडेल. हा पर्याय बाजूला पडला.

जास्त वॉटचे हॅलोजन, 100 आणि 90 वॉटवाले, हा सल्ला प्रत्येक गॅरेजमध्ये फुकट मिळतो. या गाडीचा डायनॅमो जेमतेम वीसेक अँपिअर देतो, तेही इंजिन वेगात असताना. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये आयडलिंगवर तो जवळपास काहीच देत नाही. दोन 100 वॉटच्या बल्बना सोळा-सतरा अँपिअर लागतात. त्यात इग्निशन, वायपर आणि टेललाइट धरले तर पावसाळी संध्याकाळी बॅटरी घरी पोचेपर्यंत बसली असती. आणि 0.6 व्होल्ट खाणाऱ्या डिपर स्विचमधून दुप्पट करंट नेणं म्हणजे तो वितळवणंच. मूळ बल्ब 42 आणि 36 वॉटचे. त्यांना पूर्ण व्होल्टेज मिळालं तर शहरात ते पुरेसे आहेत.

उरले दोन मार्ग. फक्त अर्थ दुरुस्त करायचे, की अर्थांबरोबर जातानाची वाटही सुधारायची, म्हणजे स्विच साफ करून हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज बसवायचे. मालकांचं मन रिलेला तयार नव्हतं. "वडिलांच्या वेळी नव्हतं ते कशाला?" हा त्यांचा प्रश्न होता आणि मला तो रास्त वाटला. शिवाय घरात एक लग्न जवळ आलं होतं आणि गाडी त्या दिवशी दाराशी हवी होती. ठरलं असं: आता अर्थ करायचे, लग्नाचा प्रवास दिवसाउजेडी करायचा, रिलेचं नंतर बघायचं.

अर्थाचं काम

इथे घाई केली नाही. प्रत्येक हेडलाइटच्या अर्थ टर्मिनलपासून स्वतंत्र काळी वायर काढली आणि ती मडगार्डवर न थांबवता इंजिनामागच्या भिंतीवर बॅटरीच्या अर्थ केबलजवळ एका बोल्टवर आणली. डाव्या इंडिकेटरचा अर्थ हेडलाइटपासून तोडून वेगळा केला. बोल्टखालचा रंग नाण्याएवढ्या गोलात पॉलिश पेपरने चकचकीत पत्र्यापर्यंत घासला, थिंबल दाबून आणि झाळून घेतली, खाली दातेरी वॉशर दिला, कसला आणि मग वरून व्हॅसलीन फासलं. व्हॅसलीन शेवटी, कारण त्याचं काम धातूला धातू भिडल्यानंतर बाहेरची हवा अडवण्याचं आहे. बॅटरीची अर्थ केबल बॉडीला भिडते तिथेही रंगाचा पातळ थर निघाला, तो साफ केला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून इंजिन आणि बॉडीमधली वेणीची पट्टी तपासली. ती शाबूत होती.

नव्या रंगाला हात लावायला मालक कचरत होते. घासलेला प्रत्येक गोल थिंबलखाली झाकला जाईल असं दाखवल्यावर ते तयार झाले.

पुन्हा मोजलं तेव्हा दोन्हीकडे परतीच्या वाटेवर 0.1 व्होल्ट आले. डावा-उजवा सारखे झाले.

दुसरा बिघाड

लग्नाहून परतताना उशीर झाला. पाऊस सुरू झाला, वाहनं खोळंबली, आणि माहीमच्या कॉजवेवर येईतो अंधार पडला. तिथे दोन्ही हेडलाइट एकदम गेले. गाडी मुलगी चालवत होती. तिने पायाने डिपर दाबला, हाय बीम लागला. पुन्हा दाबला, अंधार. पार्किंग आणि टेललाइट सगळा वेळ चालू होते. ती हाय बीमवरच कडेकडेने घरी आली आणि मला नेमकं हेच, याच क्रमाने सांगितलं.

तिच्या त्या निरीक्षणाने मीटर काढण्याआधीच बिघाड एका जागी आणून ठेवला. पार्किंग चालू म्हणजे तपकिरी वायर आणि स्विचचा पहिला टप्पा जिवंत. हाय बीम लागतो म्हणजे लाइट स्विचचा हेडलाइटचा टप्पाही जिवंत आणि निळी वायर डिपरपर्यंत ठीक. दोन्ही डिप एकदम जातात, म्हणजे दोष डाव्या-उजव्यात फाटा फुटण्याच्या अलीकडे. उरला डिपर स्विचचा डिपचा संपर्क.

तो उघडल्यावर बेकेलाइट तपकिरीचं काळं झालेलं दिसलं, संपर्काचा रिव्हेट सैल, भोवती बुटाच्या चिखलाचा वाळलेला थर. हा स्विच पायाखाली, कार्पेटच्या कडेला असतो, मुंबईच्या पावसात त्याच्या वाट्याला पाणी येतंच. पण तो त्याच संध्याकाळी का गेला, हे महत्त्वाचं आहे. अर्थ दुरुस्त झाल्यावर डाव्या बल्बमधून आधीपेक्षा जास्त करंट वाहू लागला. तेवढा वाढीव करंट डिपरमधूनच जात होता. त्यात ट्रॅफिकमध्ये डिप सलग तासाहून जास्त चालू राहिला. आधीच अशक्त असलेला संपर्क तापला, रिव्हेट आणखी ढिला झाला आणि सुटला.

दुसऱ्या भेटीत काय केलं

आता मालकांनीच रिलेचा विषय काढला. दोन रिले, एक डिपला आणि एक हायला, बॅटरीजवळच्या भिंतीवर जुन्या काळ्या पत्र्याच्या डबीत बसवले. मूळ निळ्या वायरी आता फक्त रिलेची कॉइल चालवतात, म्हणजे स्विचमधून दहावा भागही करंट जात नाही. बल्बना बॅटरीकडून 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची वायर दिली.

रिले घेताना एक गोष्ट तपासावी लागते. काही रिलेंच्या कॉइलला आतून डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो. तो निगेटिव्ह अर्थ धरून बसवलेला असतो, आणि पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आकृतीप्रमाणे जोडला तर कॉइल शॉर्ट होते. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात दुकानदाराला रिलेच्या पाठीवरची आकृती दाखवून बिनडायोडचे मागून घेतले.

फ्यूजवर थोडी चर्चा झाली. सगळ्या हेडलाइटना एकच फ्यूज सोपा पडला असता, पण तो उडाला तर कॉजवेवर झालं तेच पुन्हा होणार. म्हणून डावा डिप, उजवा डिप, डावा हाय, उजवा हाय असे चार फ्यूज दिले, प्रत्येकी 10 अँपिअरचे. मूळ काचेच्या फ्यूजपैकी एकाच्या जागी कोणीतरी चांदीच्या कागदात गुंडाळलेला उडालेला फ्यूज बसवला होता, तोही काढला. इथे एक सूचना: या इंग्लिश फ्यूजवर लिहिलेले 35 अँपिअर हा वितळण्याचा आकडा आहे, सतत वाहण्याची क्षमता त्याच्या निम्मी. त्या जागी आधुनिक 35 अँपिअरचा फ्यूज बसवला तर वायर आधी जळेल आणि फ्यूज नंतर.

डिपर स्विच फेकला नाही. रिव्हेट ठोकून घट्ट केला, संपर्क घासले, रबरी टोपी घातली. लाइट स्विच साफ केला. बुलेट कनेक्टर एकेक उघडून, चकचकीत करून बसवले.

निकाल

दिवे लावल्यावर बॅटरीवर 12.2 आणि दोन्ही बल्बवर 11.9 व्होल्ट मिळाले. डाव्या दिव्याचा उजेड पहिल्या मोजणीच्या चौपटीहून जास्त झाला, तोही त्याच 36 वॉटमध्ये. आवाराच्या भिंतीवर खडूने रेघा मारून दोन्ही दिव्यांचा कोन लावला. इतके दिवस अंधारामुळे कोन चुकलेला कोणाच्या लक्षातच आला नव्हता. मूळ वायरिंग शेवटच्या तुकड्यांशिवाय सगळं जागेवर आहे. रिलेची डबी काढली आणि चार कनेक्टर परत जुळवले तर गाडी कारखान्यातून आली तशी होते, आणि मालकांचं समाधान झालं ते यावर.

जोडणीचा नवा नकाशा, रंगांसकट, मुलीने हाताने काढून माहितीपुस्तकात ठेवला. 'पॉझिटिव्ह अर्थ' अशी चिठ्ठी बॅटरीच्या झाकणावर चिकटवली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती रंगकामाआधीच होणार होती. मडगार्ड काढताना अर्थाच्या जागांवर मास्किंग टेप लावली असती आणि जुने बोल्ट बदलताना प्रत्येक बाजूला एक तरी जागा कोऱ्या पत्र्याची ठेवली असती, तर पहिला बिघाड झालाच नसता. रंगाऱ्याला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगता त्याने सगळं झाकणं हेच त्याच्या कामाच्या दृष्टीने बरोबर होतं. रंगाला गाडी देताना अर्थाच्या जागांचे फोटो आणि यादी सोबत द्यावी, असं मी आता प्रत्येक मालकाला सांगतो.

पहिल्या इलेक्ट्रिशियनने बल्ब काढण्याऐवजी चालू दिव्यावर दोन ठिकाणी सुई टेकवली असती तर नव्या बल्बचे आणि एलईडीचे पैसे वाचले असते. त्याला लागलं असतं ते फक्त मीटर आणि पाच मिनिटं.

अर्थ आधी आणि रिले नंतर, या निर्णयाबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. मालक म्हणतात, लग्नापुरतं तेवढं पुरेसं होतं, उशीर झाला म्हणून अडलं. मला वाटतं, डिपरवर 0.6 व्होल्ट दिसत असताना किमान तो उघडून साफ करणं त्या पहिल्याच वेळी शक्य होतं. ते तासाभराचं काम आहे आणि मूळपणाला त्याने धक्का लागत नाही. एका जागेचा अडथळा काढला की वाढलेला करंट पुढच्या कमकुवत जागेवर जातो, तेव्हा अर्थ सुधारल्याबरोबर स्विच पुन्हा मोजून, अर्धा तास दिवे लावून, हाताने तापमान बघूनच गाडी बाहेर काढावी. मुलीचं मत माझ्या बाजूचं आहे.

मागच्या बाजूचं काम बाकी आहे. टेललाइटच्या अर्थावर सध्या 0.3 व्होल्ट पडतात. आज दिवे ठीक दिसतात, पण मागचं मडगार्डही त्याच उन्हाळ्यात रंगवलेलं आहे. पाऊस थांबल्यावर तिथेही स्वतंत्र काळी वायर ओढायचं ठरलं आहे. तोपर्यंत मुलगी दर पंधरवड्याला दिवे लावून तो आकडा मोजते आणि माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवते.